माझी मशेरीची डबी

तुमच्या न्हाणीघरातल्या फळीवर काय काय असतं हो? घरातल्या माणसांइतके ब्रश, पिळून पिळून चपटी झालेली टूथपेस्टची नळी, सासऱ्यांचं दंतमंजन, जीभ खरवडायची पट्टी. माझ्याही फळीवर हेच असायचं. पण माझी खरी वस्तू तिथे नव्हती. ती होती मागच्या दाराच्या कोनाड्यात, रॉकेलच्या बाटलीमागे. पितळेची, मुठीत मावेल एवढी डबी. तिच्यात मशेरी असायची.

मशेरी म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जणी नाक मुरडतील आणि काही जणी गप्प बसतील. हा लेख मी त्या गप्प बसणाऱ्यांसाठी लिहिते आहे. पण नाक मुरडणाऱ्यांनीही तो वाचावा. कारण दातांविषयी जे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, ते रोज टूथपेस्ट वापरणाऱ्या माझ्या शिकलेल्या जावेलासुद्धा ठाऊक नव्हतं.

माझं माहेर पासलीचं. वेल्ह्याहून केळदला, मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. तोरण्याच्या आसपासचा हा मुलूख म्हणजे डोंगर, भातखाचरं आणि पाऊस. पाऊस असा की, आषाढात चार चार दिवस अंगणाच्या पलीकडचं दिसू नये. अशा ओल्या सकाळी आमचं घर जागं व्हायचं ते मशेरीच्या ठसक्याने. आई चुलीवर तवा टाकून तंबाखू भाजायची. काळीभोर झाली की हाताने चुरडून पूड करायची, की झाली मशेरी. भाजताना सगळं घर खोकायचं, पाळण्यातलं पोरदेखील. पण त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. फोडणीचा ठसका लागतो, तसाच हा.

मी सात-आठ वर्षांची असेन. दाढ ठणकायला लागली म्हणून मी रात्रभर रडले. सकाळी आईने माझ्या बोटावर चिमूटभर मशेरी ठेवली आणि म्हणाली, ‘‘लाव जरा, दुखणं थांबंल.’’ लावली. थोड्या वेळाने डोकं गरगरलं, अंगणात जाऊन ओकले, आणि दाढ मात्र खरोखरच शांत झाली. औषध लागू पडलं, असंच सगळ्यांना वाटलं. आज कळतं की, दाढ बरी झालीच नव्हती, नुसती बधिर झाली होती. आतली कीड आपलं काम करतच होती. ती दाढ पुढे तुकडे होऊन पडली. मशेरी तेवढी राहिली.

का राहिली, तेही सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बाई पहाटे उठली की रात्री पाठ टेकेपर्यंत उभी. पाणी, चूल, गुरं, लावणी, काटक्या. तिला कुणी ‘जरा बस’ म्हणायचं नाही. पण मशेरी लावायला ती पडवीच्या कडेला टेकली, की तिला कुणी हाकही मारायचं नाही. तोंडात मशेरी असली की बोलता येत नाही, म्हणून उत्तर द्यावं लागत नाही! सासू असो की नवरा, ती थुंकून चूळ भरेपर्यंत थांबायचा. दिवसातली तेवढी पंधरा-वीस मिनिटं तिची स्वतःची. मला वाटतं, आमच्या बायकांना तंबाखूच्या आधी त्या बसण्याचंच व्यसन लागलं असावं.

१९८८ साली लग्न होऊन मी भोरला आले. शहरवजा गाव, नळाचं पाणी, घरात टूथपेस्ट. ट्रंकेत साड्यांखाली डबी होतीच. पहिले आठ दिवस भीतभीत काढले. नवव्या दिवशी पहाटे मागच्या दारी गेले, तो सासूबाई तिथे आधीच बसलेल्या! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मुठीकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. त्या दिवसापासून आम्हां दोघींचं कधी भांडण झालं नाही, असं मी म्हणणार नाही. पण पहाटेची ती वीस मिनिटं कधी भांडण झालं नाही हे खरं. हे मात्र सारखे म्हणायचे, ‘‘अगं, दात बघ जरा आरशात.’’ मी बघायची. दातांच्या मुळाशी काळपट-तपकिरी डाग. मग मी काय करायची? तो डाग घालवायला आणखी घासायची. कधी राखुंडी, कधी मीठ, सणासुदीला मीठ नि लिंबू. डाग थोडा जायचा आणि दात आंबून जायचे. गार पाणी लागलं की कळ डोक्यात जायची.

तसं पाहिलं तर दात काळे होण्याची लाज ही अलीकडची. जुन्या काळी सवाष्णी दातवण लावून मुद्दाम दात काळे करीत. काळे दात हे सौभाग्याचं लेणं मानलं जाई. मग काळ पालटला, पांढरे दात सुंदर ठरले. पण दोन्ही काळांत आपण बायकांनी दाताचा रंग तेवढा पाहिला. दात मजबूत आहे की नाही, हिरडी निरोगी आहे की नाही, हे कधी पाहिलंच नाही.

आता २०१४ सालची गोष्ट. माझी धाकटी मुलगी तेव्हा पुण्याला दंतवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. या मुलांना शिकताना पेशंटचे दात साफ करावे लागतात. अमुक इतके पेशंट हवेत असं असतं. सुट्टी जवळ आलेली, एक पेशंट कमी पडत होता. फोन करून म्हणाली, ‘‘आई, तूच ये ना!’’

मला नाही म्हणवेना. आदल्या रात्री मी दात मिठाने असे घासले की हिरड्यांतून रक्त आलं. डबी घरीच ठेवली. सकाळच्या एस.टी.ने पुण्याला गेले.

तिथल्या खुर्चीवर मला पाठीवर निजवलं. लेक पांढरा कोट घालून समोर. खरं सांगते, तिला त्या कोटात पाहून माझे डोळे भरून आले. तिने आधी माझ्या दातांना लालसर औषध लावलं, चूळ भरायला सांगितलं आणि हातात आरसा दिला. मला वाटलं, आता दिसणार ते माझे काळे डाग. पण डाग होते तसेच होते. लाल झालं होतं ते भलतंच! जिथे मला दात स्वच्छ वाटत होते तिथे, हिरडीच्या काठाकाठाने, दोन दातांच्या फटीत, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला सगळीकडे लालभडक पट्टे.

‘‘आई, हा प्लाक,’’ लेक म्हणाली. ‘‘डाग दिसतो म्हणून तू त्याच्याशी भांडतेस. दात खातो तो हा, न दिसणारा.’’

मैत्रिणींनो, एवढं एक वाक्य जरी तुम्ही लक्षात ठेवलंत, तरी माझ्या लिहिण्याचं सार्थक झालं. नीट समजावून सांगते, जसं तिने मला सांगितलं.

आपण पाण्याचा हंडा दोन दिवस घासला नाही, तर आतून कसा बुळबुळीत होतो? तसाच थर दातांवर बसतो. तो उरलेल्या अन्नाचा नसतो, तो जिवंत जंतूंचा असतो. दात घासून काही तास होतात न होतात, तोच तो पुन्हा धरायला लागतो. नुसती चूळ भरून तो जात नाही, कारण तो चिकट असतो. घासावाच लागतो. आपण गोड खाल्लं की हे जंतूही ते खातात आणि काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचं वरचं कवच झिजवतं. लाळ त्या आम्लाचा निचरा करते खरी, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात आपण पुन्हा साखरेचा चहा घेतला, की लाळेची मेहनत वाया! म्हणजे सणाला एकदा पोटभर पुरणपोळी खाण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा घोट घोट चहा घेणं आणि मुलांनी सारखी गोळी चघळणं हे दातांना जास्त बाधतं. हे ऐकून माझ्या जावेने कपाळाला हात लावला. तिचा चहा सातदा होतो.

हा थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसून दोन-चार दिवसांत तो कडक व्हायला लागतो. आपण ज्याला कीटण म्हणतो ते हेच. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ते आधी चढतं, कारण लाळेचं तोंड तिथेच आहे. एकदा कीटण झालं की ते ब्रशने निघत नाही, राखुंडीने तर नाहीच. ते डॉक्टरांकडेच काढून घ्यावं लागतं. त्याने दात हलायला लागतात, असं आपल्याकडे म्हणतात. मीही म्हणायची. खरी गोष्ट उलटी आहे. दात हलतात ते कीटणामुळे हिरडी आणि आतलं हाड झिजल्याने. कीटण निघालं की झिजलेली फट उघडी पडते आणि आपल्याला वाटतं, डॉक्टरांनीच फट पाडली!

लेकीने तिच्या पुस्तकातली एक हकिकत मला सांगितली. डेन्मार्कमध्ये केलेला आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. बारा निरोगी माणसं घेतली, त्यांतली बहुतेक दंतवैद्यकीचेच विद्यार्थी. त्यांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एकाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, तर आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. तेव्हा रक्त येतं म्हणून घासणं बंद करणं हा शुद्ध वेडेपणा. रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथला थर नीट निघत नाही म्हणून. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण तिथेच घासायचं. तरी आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

असो. खुर्चीवरची गोष्ट अर्धीच राहिली. लेकीने दात साफ केले, तिच्या मॅडम तपासायला आल्या. त्यांनी माझा खालचा ओठ बाहेर ओढला आणि थांबल्या. आतल्या बाजूला, हिरडीला लागून, पांढरट जाडसर चट्टा होता. बोटाने पुसला तरी जाईना. मला त्याचा त्रास काहीच नव्हता. तो आहे हेच मला माहीत नव्हतं.

‘‘मशेरी लावता का?’’ त्यांनी विचारलं.

लेक माझ्याकडे पाहत होती. आजूबाजूला तिच्या मैत्रिणी उभ्या. मी म्हणाले, ‘‘नाही.’’

त्यावर कुणी काही बोललं नाही. लेकही बोलली नाही. ती लहानपणापासून मागच्या दारी मला पाहत आली होती. तिने खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहिलं. ती खाली गेलेली मान मला आजही दिसते. आयुष्यात मुलांशी लहानसहान खोटं आपण सगळ्याच बोलतो. पण त्या दिवशी मी माझ्या लेकीला तिच्याच शिक्षिकेसमोर खोट्यात सामील करून घेतलं होतं.

बाहेर आल्यावर जिन्यात मी तिचा हात धरला. म्हटलं, ‘‘चल परत. सांगते मी त्यांना.’’ आम्ही परत गेलो. मॅडम रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. ‘‘रोज कितीदा?’’ एवढंच विचारलं. मी म्हणाले, ‘‘चारदा. कधी पाचदा.’’ असा चट्टा पुढे कधी कधी कॅन्सरच्या वाटेने जातो, म्हणून जरासा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर यायला आठ दिवस होते.

ते आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. तुम्ही ओळखालच. अहवालात कॅन्सर नव्हता. ‘‘आज नाही,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘उद्याचं तुमच्या हातात आहे. आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.’’

मग मी वाचायला लागले, लेकीला विचारायला लागले. कळलं की मशेरी हे दंतमंजन नव्हेच, ती निव्वळ तंबाखू. भाजली म्हणून तिचं विष जात नाही. ते हिरडीतून सरळ रक्तात जातं. आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासून केलेली एक मोठी पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली होती. तीत शंभर बायकांमागे सुमारे ३९ जणी मशेरी लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत मात्र शंभरात एकसुद्धा पुरता भरला नाही. बघा, पुरुषांची विडी चारचौघांत, बायकांचा तंबाखू दात घासण्याच्या नावाखाली! तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर सरकारने १९९२ साली बंदी घातली. पण आपल्या चुलीवरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? ती आपणच घालायची.

सोडायचं ठरवलं. सोमवारी डबी कपाटात कुलूप लावून ठेवली. डोकं धरलं, पोट साफ होईना, घरातलं कुणी बोललं की अंगावर धावून जायची. चौथ्या दिवशी शेजारणीकडून चिमूटभर मागून आणली. हे हसले नाहीत, तेवढं बरं झालं.

दुसऱ्या खेपेला मी विचार केला. चार दिवस मला काय नको झालं होतं? तंबाखू नव्हता म्हणून डोकं दुखत होतं, ते ठीक. पण त्याहून जास्त खुपत होतं ते वेगळंच. मी पहाटे उठून बेसिनपाशी उभी राहून दोन मिनिटांत दात घासून सरळ ओट्याशी लागत होते. माझी ती वीस मिनिटं गेली होती! मग मी ब्रश घेतला आणि मागच्या दारी, त्याच पायरीवर, सासूबाई असताना बसायची तिथेच जाऊन बसले. घरात सांगून टाकलं, ‘‘मी दात घासते आहे, मला हाक मारायची नाही.’’ आधी दात घासायचे, मग तिथेच बसून कोमट पाणी प्यायचं. तल्लफ आली की लवंग नाहीतर बडीशेप तोंडात. तल्लफ ही लाटेसारखी असते, काही मिनिटं दम धरला की ओसरते. पोटासाठी पालेभाजी, ताक नि पाणी. पंधरा दिवस कठीण गेले, मग हलकं वाटू लागलं. सहा महिन्यांनी मॅडमनी ओठ उलटून पाहिला, तर चट्टा पुसट झाला होता. वर्षाने दिसेनासा झाला. सगळ्यांचेच जातात असं नाही. माझा गेला. मी अजूनही वर्षातून दोनदा तपासून घेते.

पुढच्या आषाढात पासलीला गेले. पडवीत आई बसलेली, चुलीवर तवा, घरभर ठसका. आणि आईच्या शेजारी माझी भाचेसून, पाचवा महिना लागलेली, बोटाने मशेरी लावत होती.

मी काही बोलणार, तोच आईने माझं तोंड ओळखलं. ‘‘शिकवू नगं मला. माझी लाकडं गेली मसणात. आता कुठं सोडू?’’

मी गप्प राहिले. लेकीने प्लाक दाखवणाऱ्या लाल गोळ्या दिल्या होत्या, त्या काढल्या. घरातली पोरं गोळा झाली. प्रत्येकाने गोळी चघळली, चूळ भरली आणि एकमेकांचे लाल दात बघून नुसता गोंधळ घातला. गंमत वाटून आईने हात पुढे केला, ‘‘मला बी दे की!’’ तिला तीन दात. तिन्ही लालभडक. आरशात बघून ती एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग भाचेसुनेने गोळी घेतली. तिने आरसा बराच वेळ खाली ठेवला नाही. म्हणाली, ‘‘आत्याबाई, मशेरी लावून बी एवढं?’’

तेव्हा मी सांगितलं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, तो लेकीने मला वाचून दाखवला होता. मशेरीसारखा तोंडातला तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आई ऐकत होती. बऱ्याच वेळाने उठली, तवा चुलीवरून उतरवला आणि मागल्या गोठ्याकडे ठेवून आली. सुनेला म्हणाली, ‘‘तू सोड गं. माझं र्‍हाऊ दे.’’

आईची सुटली नाही. चारदाची दोनदा झाली, आणि भाजणं घराबाहेर गेलं, एवढंच. पण त्या घरात पोरीच्या बोटावर मशेरी ठेवणारी ती शेवटची आजी. भाचेसुनेचं बाळ चांगलं अडीच किलोच्या वर भरलं. ते मशेरी सोडल्यामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिने सोडली होती, हे मात्र खरं.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. ब्रश मऊ घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले की लगेच, बदला. पेन धरतो तसा हलका धरा, केस हिरडीच्या काठाकडे तिरपे टेकवा आणि जागच्या जागी हलकेच फिरवा. आडवा करवतीसारखा ओढू नका, त्याने दात मुळाशी झिजतात. बाहेरून, आतून, वरून, सगळे दात मिळून दोन मिनिटं. मागच्या दाढा आणि खालच्या दातांची आतली बाजू विसरू नका. सकाळी घासता तसंच रात्री निजण्यापूर्वी घासाच, कारण झोपेत लाळ कमी सुटते. दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथे दातांसाठी मिळणारा दोरा फिरवावा. टाचणी आणि काडी नको.

मीठ, राख, कोळसा, विटेची पूड, लिंबू यांनी दात क्षणभर पांढरे दिसतात, कारण वरचं कवच खरवडलं जातं. ते कवच पुन्हा उगवत नाही. चहाचे, पानाचे, तंबाखूचे डाग वरवरचे असतात, ते डॉक्टर काढून देतात. पण काही डाग दातात मुळातच उतरलेले असतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड फार असलं, किंवा दात घडण्याच्या वयात टेट्रासायक्लिनसारखं औषध पोटात गेलं, तर तसे डाग पडतात. ते कितीही घासून जायचे नाहीत. अशा मुलाला ‘दात घासत नाहीस’ म्हणून उगाच बोलू नका.

लहान मुलांना फ्लोराइडची पेस्ट द्यावी, पण तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाचे दात आईने किंवा बापाने (हो, बापानेही!) स्वतः घासून द्यावेत. दुधाचे दात पडणारच म्हणून किडू देऊ नयेत. दिवस गेलेले असताना हिरड्या लवकर सुजतात. तेव्हा दात घासणं टाळू नये, आणि डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगून उपचार खुशाल घ्यावेत.

आणि महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, आरशासमोर आपला ओठ उलटून बघा. गाल, जीभ, जिभेखालची जागा बघा. न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबू नका. डॉक्टरांनी ‘मशेरी लावता का?’ विचारलं तर माझ्यासारखं ‘नाही’ म्हणू नका. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे.

आणि तुमच्या घरात कुणी लावत असेल, आई, सासू, भांडी घासायला येणारी बाई, तर तिला ‘शी! काय घाण’ म्हणू नका. मला इतकी वर्षं सगळे तेच म्हणत होते, त्याने मी डबी लपवायला तेवढी शिकले. तिच्याजवळ जरा बसा. तिची ती वीस मिनिटं तिला राहू द्या. हातातली वस्तू तेवढी बदलायची आहे.